उसनी हजेरी

“मदारसाब, सातव्या पिंजऱ्यात कुणीच नाही, तर रोज हाक कुणाला मारता?”

हा प्रश्न सगळ्या पोरांसमोर विचारायचा, अशी पैज भामाने लावली होती. विचारला तर सरोजच्या डब्यातली अंबाडीची चटणी आठवडाभर तारामतीची. नाही विचारला तर आठवडाभर भामाचं दप्तर तारामतीच्या खांद्यावर. खरं म्हणजे पैजेची गरजच नव्हती. त्या जानेवारीत तारामतीला कुणी चारमिनारावर चढून भाषण ठोक म्हटलं असतं, तरी तिने वेण्या मागे टाकून पायऱ्या चढायला सुरुवात केली असती. सगळ्या शाळांच्या वक्तृत्वात तिचा पहिला नंबर आला होता. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, महिनाभर भुणभुण लावल्यावर अण्णांनी अखेर होकार दिला होता. मॅट्रिक झाली की पुण्याला आत्याकडे जायचं, कॉलेजात नाव घालायचं, प्राणिशास्त्र शिकायचं. बरकतपुऱ्यातल्या त्यांच्या गल्लीतून अजून कुठली मुलगी शिकायला एवढ्या लांब गेली नव्हती.

काचिगुड्याच्या रुळांपलीकडे एका जागीरदाराची बाग होती. बागेत त्याच्या वाडवडलांनी हौसेने जनावरं पाळली होती. मागच्या वर्षी जागिरी सरकारजमा झाल्या, जागीरदार देवडीला कुलूप घालून कुठेसा निघून गेला, आणि जनावरं मात्र जिथल्या तिथे राहिली. कुणाच्या तरी मनात आलं, की मुलांना जनावरं पुस्तकातून शिकवण्यापेक्षा समोर उभी करून शिकवावी. म्हणून दर रविवारी सकाळी आठ ते दहा तीस-चाळीस लहान मुलं तिथे येत, आणि त्यांना रांगेत धरायला तारामती, भामा, सरोज अशा मोठ्या मुली. अप्पाराव नावाचे तरुण मास्तर खूर, दात, रवंथ वगैरे समजावून सांगत.

मास्तर उत्साहाने सांगत, पण त्या बागेत उत्साह टिकत नसे. अस्वलाच्या पाठीवरचे केस झडले होते. हौदात पाण्यापेक्षा पाचोळा जास्त होता. संस्थान विलीन होईपर्यंतच्या दोन वर्षांच्या धास्तीनंतर सगळं शहरच तापातून उठल्यासारखं झालं होतं. कुणी मोठ्याने हसलं तरी लोक दमल्या नजरेने त्याच्याकडे बघत. तारामतीचे अण्णा, केशवराव, कचेरीतून आले की जोडे न काढता पाच-दहा मिनिटं तसेच खुर्चीत बसून राहत. जुन्या नोकरांतले कोण राहणार आणि कोण जाणार याचा हुकूम यायचा होता, आणि वर्षभर तो यायचाच होता.

मास्तरांचा पाठ सुरू होण्याआधी मदारसाबची हजेरी होई. पोरांना पाठापेक्षा तीच आवडे. मदारसाब हे बागेतले सगळ्यात जुने राखणदार. विटकी शेरवानी, एक बटण शाबूत, काखेत लाल कापडात बांधलेली लांबट वही. एकेका पिंजऱ्यासमोर उभं राहून ते नाव पुकारत. “बादशा!” म्हटलं की अस्वल डोकं उचले. “गुलाब!” म्हटलं की सहाव्या पिंजऱ्यातलं सांबर कान हलवी. “दुल्हन!” म्हटलं की आठव्यातलं तरस जांभई देई आणि पोरं खिदळत. प्रत्येक नावापुढे मदारसाब पेन्सिलीने खूण करत.

सहा आणि आठच्या मध्ये सातवा पिंजरा होता. झाडलेला, पाणी भरलेलं, कोपऱ्यात ताजं गवत, दाराला कुलूप. आत काही नाही.

त्याच्यासमोरही मदारसाब थांबत. “मेहमान,” असं हलकेच म्हणत. मग डोळे मिटून उभे राहत. पाढ्यातलं एक घर म्हणून व्हावं एवढा वेळ. मग वहीत एक टिंब देत आणि पुढे जात.

तारामतीच्या प्रश्नावर पोरं हसली, पण मदारसाब हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. “नाम है बेटी,” ते म्हणाले. “नाम है तो बुलाना पडता.”

“पण कौनसा जानवर था इसमें?”

“मैं नईं देखा. मेरे बाप बी नईं देखे. बडे सरकार खाली पिंजरा लाके रखे, नाम लिखाए, बोले, रोज बुलाना. बस.”

“आणि ते येत नाही?”

“नईं आता. जवाब बी नईं देता.” त्यांनी वही काखेत सरकवली. “तबतक सब खैरियत है. थक गया मैं, लेकिन खैरियत है.”

चटणी जिंकली. पण तारामतीचं डोकं त्या पिंजऱ्यातच अडकलं. तिच्याकडे एक वही होती, तिच्यावर तिने ‘निरीक्षणे’ असं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. पुण्याच्या कॉलेजात निरीक्षणाला फार महत्त्व असतं, असं तिला कुणी तरी सांगितलं होतं. त्या रविवारी तिने वहीत काही गोष्टी लिहिल्या. सांबर आपल्या पिंजऱ्यात सातव्याकडच्या बाजूला कधीच बसत नाही. तिकडचं गवत तुडवलेलं नाही. तरसही पलीकडच्या भिंतीला चिकटून असतं. आणि सातव्यात मदारसाबनी टाकलेले जोंधळ्याचे दाणे तसेच पडून आहेत, तरी एकही चिमणी आत उतरत नाही, बाकी सगळ्या पिंजऱ्यांत ढीगभर आहेत. खाली तिने लिहिलं: कदाचित जुना वास असेल.

“तू पुण्याला जाणार म्हणून आम्ही हे वाचायचं का?” भामा म्हणाली.

“पुण्यात असल्या वासाला बक्षीस देतात वाटतं,” सरोज म्हणाली.

तारामतीने दोघींना वहीनेच एकेक फटका दिला.

या तिघींची शाळेत एक रीत होती. सगळ्या मुलींचीच होती, पण या तिघी त्यात पटाईत होत्या. कुणी उशिरा आली, कुणाला पाणी भरावं लागलं, कुणाच्या धाकट्या भावाला ताप असला, की दुसरीने तिची हजेरी द्यायची. बाईंनी नाव घेतलं की मान खाली घालून “हाजिर” म्हणायचं, तिच्या आवाजात. तारामती भामाचा नाकातला आवाज काढायची, सरोजचा घोगरा काढायची, आणि बाई वहीतून मान वर न करता खूण करायच्या. घरात वाटीभर साखर उसनी आणतात ना, तशी ती उसनी हजेरी. आणि साखरेसारखीच ती परत करायची असे. ज्याची दिली त्याने आज ना उद्या फेडायची. कुणी बुडवली असं आजवर झालं नव्हतं.

पुढच्या रविवारी थंडी कडक होती. मदारसाबला खोकला झाला होता. “बादशा” म्हणतानाच त्यांचा आवाज चिरकला. “गुलाब” कसंबसं निघालं. सातव्यासमोर आल्यावर त्यांनी दोनदा तोंड उघडलं, तेव्हा कुठे “मेहमान” उमटलं, तेही पिंजऱ्यापेक्षा स्वतःलाच सांगितल्यासारखं. मग ते डोळे मिटून उभे राहिले.

यावेळी त्यांनी डोळे लवकर उघडलेच नाहीत. पोरं चुळबुळ करू लागली. अप्पाराव मास्तरांनी घड्याळ पाहिलं. मदारसाबच्या मफलरचं टोक वाऱ्याने हलत होतं आणि पेन्सिल धरलेली बोटं निळी पडली होती. तारामतीला त्या म्हाताऱ्याची इतकी दया आली, की पुढचं कसं झालं ते तिला स्वतःलाच कळलं नाही. वर्गात जे रोज होतं तेच झालं. कुणाचं तरी नाव घेतलं गेलं होतं, ते कुणी तरी तिथे नव्हतं, आणि पुकारणारा थांबला होता.

“हाजिर,” ती म्हणाली.

ज्याची हजेरी द्यायची त्याचा आवाज काढायचा असतो. पण मेहमानचा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. म्हणून तिने आपलाच दिला.

पोरं खो खो हसली. मास्तरही हसले. मदारसाबनी डोळे उघडले आणि सावकाश वळून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग वहीत, जिथे टिंब द्यायचं तिथे, खूण केली. त्यानंतर आठव्या पिंजऱ्याकडे न जाता ते हौदाच्या काठावर जाऊन बसले, ओझं उतरवून ठेवल्यावर माणूस बसतो तसे.

तारामती ओशाळून त्यांच्याजवळ गेली. “मदारसाब, मजाक थी.”

“हौ,” ते म्हणाले. “मालूम है.” मग तिच्या गळ्याकडे बघत म्हणाले, “अपनी आवाज काइकू दिये बेटी? दुसरे की देना था.”

त्याच दिवशी त्यांनी वही अप्पाराव मास्तरांच्या हवाली केली. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. बिदरला लेकीकडे गेले, असं फाटकावरच्या दत्तोबाने सांगितलं. छत्तीस वर्षांत एक दिवसही बाग न सोडलेल्या माणसाने जाताना एकदाही मागे वळून पाहिलं नाही म्हणे.

मग परीक्षा जवळ आली आणि मॅट्रिकच्या मुलींचे रविवार बंद झाले.

पहिली गोष्ट घडली ती फेब्रुवारीत, एका गुरुवारी. अण्णांच्या सायकलच्या मागे बसून तारामती शाळेला निघाली आणि वाटेत चाक बसलं. ती धापा टाकत वर्गात पोचली तेव्हा हजेरी संपून बीजगणित सुरू झालं होतं. बाईंनी तिला नुसतं बस म्हणून खुणावलं. मधल्या सुट्टीत तिने हजेरीची वही पाहिली तर तिच्या नावापुढे खूण.

“फेडलीस गं बाई,” ती भामाला म्हणाली. “कधीचं उसनं होतं.”

भामा पेरू खात होती. “मी कुठे? तूच तर दिलीस.”

“मी तेव्हा चौकात हवा भरत होते.”

“मग सरोजने दिली असेल. पण आवाज तुझाच होता बाई. मागून आला, खिडकीकडून. मला वाटलं, आलीस आणि मागे बसलीस.”

सरोजने मान हलवली. “मला तुझा आवाज जमत नाही, तुला माहीत आहे.”

तिघी हसल्या. भामा म्हणाली, पुण्याला जायच्या आधीच तुझा आत्मा शाळेत हजर राहायला लागला. तारामतीने वाक्याला दाद दिली आणि अर्धा पेरू ओढून घेतला.

त्यानंतर आठेक दिवसांनी ती गच्चीवर इतिहास पाठ करत होती. खाली उतरली तर आई, सावित्रीबाई, कपाळाला आठ्या घालून म्हणाली, “तीनदा हाक मारली. तीनदा ‘ओ’ दिलीस आणि आली नाहीस. कसला गं हा नवा शहाणपणा?”

“मी गच्चीवर होते. मला ऐकूच आलं नाही.”

“इथून आतल्या खोलीतून ‘ओ’ देत होतीस,” आई म्हणाली. पण तिने वाद वाढवला नाही. त्या दिवसांत आई कशाचाच वाद वाढवत नसे.

तारामतीने ‘निरीक्षणे’ काढली. गुरुवार, शाळा. शनिवार, घर. खाली लिहिलं: अभ्यासाचा ताण, आईला भास. मग तिला आठवलं की शाळेत आई नव्हती. तिने तेवढं वाक्य खोडलं आणि त्या जागी दुसरं काय लिहावं ते तिला सुचेना.

परीक्षा संपली. मार्चअखेरीस सरोजच्या बहिणीकडे सिकंदराबादला हळदीकुंकू होतं. तारामती सकाळी आठला गेली, संध्याकाळी सहाला परतली. दिवसभर बाहेर राहिली म्हणून आई बोलणार, हे गृहीत धरून तिने बसमध्ये उत्तरं तयार केली होती. आईने काहीच विचारलं नाही. मोरीत दुपारची ताटं होती. अण्णांचं, आईचं, आणि तिसरं तारामतीचं, नाव घातलेलं. पहिल्या दोन ताटांत वरणाचे ओघळ होते. तिसऱ्यात काही नव्हतं. ते घासून ठेवल्यासारखं चकचकीत होतं आणि हात लावला तर चिकट लागलं. चाटलेलं.

“माझ्या ताटात कोण जेवलं?”

“आता हे काय?” आई म्हणाली. “दुपारी समोर बसून जेवलीस. कधी नव्हे ती कारल्याची भाजीसुद्धा मागून घेतलीस. बरं वाटलं मला.”

अण्णा खुर्चीतून म्हणाले, “तारे, आजच्यासारखं शांत बोलत जा बाळ. पुण्याला कुणाच्या घरी राहायचं म्हणजे असंच लागतं.”

तारामती मागच्या दाराशी गेली. आई तांदूळ निवडून कण्या अंगणात टाकी आणि वर्षानुवर्षं चिमण्या त्यांच्यावर भांडत. कण्या पडल्या होत्या. सकाळच्या पडल्या होत्या, कालच्याही असाव्यात. पांढरा थर झाला होता. अंगणात एकही चिमणी नव्हती.

तिथे उभ्या उभ्या तिला थंडी वाजली. हा वास नव्हता, भास नव्हता. मार्च महिना होता.

तिचं पुण्याचं तिकीट सोमवारचं होतं. अण्णा पोचवायला येणार होते. रविवारी सकाळी, भामा-सरोजला न सांगता, ती एकटीच रूळ ओलांडून बागेत गेली.

वर्ग सुरूच होता. मदारसाबची हजेरी बंद झाली होती. अप्पाराव मास्तरांनी प्रत्येक पिंजऱ्यावर पाटी लावली होती, जनावराचं नाव, जात, खाणं, मूळ प्रदेश. सातव्यावर पाटी नव्हती.

“मास्तर, सातव्याची हाक मारता का तुम्ही?”

“कुणाला मारायची?” मास्तर हसून म्हणाले. “रिकाम्या पिंजऱ्याला हाक मारून मुलांना काय शिकवायचं, तारामतीबाई? मे महिन्यात तिथे माकडं येतायत.”

ती पिंजऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

आत चिमण्या होत्या. पंधरा-वीस तरी असतील. जुने दाणे टिपत होत्या, पाण्याच्या कुंडीत पंख झटकत होत्या. सहाव्यातलं सांबर सातव्याच्या गजांना पाठ टेकून निवांत रवंथ करत बसलं होतं. आठव्यातलं तरस सातव्याच्याच गजांशी, चारी पाय पसरून, झोपलं होतं.

पिंजरा आता खरोखरच रिकामा होता.

मदारसाबची लाल वही मास्तरांच्या खोलीत खुंटीला टांगलेली होती. “घेऊन जा हवी तर,” मास्तर म्हणाले. “जुनी आठवण.” तारामतीने ती हौदाच्या काठावर बसून उघडली. उर्दू ती शाळेत शिकली होती. सावकाश का होईना, वाचता येत होतं. सातव्या ओळीत नाव होतं, मेहमान. त्यापुढे जनावराची जात लिहायचा रकाना. महिन्यामागून महिने, पानामागून पानं, तो रकाना कोरा होता, आणि त्याच्या पुढे टिंबं. मुंग्यांच्या रांगेसारखी टिंबं. अगदी शेवटच्या पानावर एक खूण.

त्या पानावर जातीचा रकाना कोरा नव्हता. पेन्सिलीने मदारसाबनी एकच शब्द लिहिला होता.

लडकी.

तिने वही मिटली. परत सातव्यासमोर गेली. डावीकडे मास्तर पोरांना उंटाचं पोट समजावत होते.

“मेहमान,” ती हलकेच म्हणाली.

डोळे मिटले. वाट पाहिली. चिमण्यांचा कलकलाट चालूच राहिला. कुणी आलं नाही.

तेव्हा तिला मदारसाबचं उभं राहणं कळलं. मेहमान यावं म्हणून ते उभे राहत नव्हते. ते नाव घेत होते आणि उत्तर येत नाही याची खात्री करून घेत होते. रोज. नाव घेतलं जात होतं, उत्तर येत नव्हतं, म्हणून जे काही होतं ते इथेच होतं, उत्तराशिवाय, गजांच्या आत. ती हाक थांबवून चालणार नव्हतं. आणि उत्तर दिल्यावर तर ते इथे राहणारच नव्हतं. त्याला आता आवाज होता. त्याच्यावर एका हजेरीचं उसनं होतं, आणि ते मन लावून फेडत होतं.

तिने पुन्हा हाक मारली. पुन्हा वाट पाहिली. नऊ वाजले, दहा वाजले. पोरं गेली. ती दर थोड्या वेळाने नाव घेत राहिली. घसा बसला. बाराच्या सुमारास एक चिमणी, काही कारण नसता, भुर्रकन पिंजऱ्यातून उडून गेली. मग दुसरी. तारामतीने श्वास रोखला. पण बाकीच्या टिपतच राहिल्या.

एका दिवसात होणारं काम नव्हतं ते. छत्तीस वर्षं लागतात माणसाला.

उद्याची गाडी तिने मनातल्या मनात पाहिली. काचिगुड्याचं स्टेशन, अण्णा, ट्रंक, खिडकीशी बसलेली तारामती. इथून कुणी हाक मारली नाही, तर त्या खिडकीशी कोण बसलेलं असेल, ते तिला सांगता आलं नसतं. आत्याला तरी कसं कळणार होतं. आत्याने तिला आठ वर्षांत पाहिलंच नव्हतं.

वही पोटाशी धरून ती घरी निघाली. उन्हाने रस्ता पांढरा पडला होता. आपल्याच चालण्याकडे तिचं लक्ष गेलं. मदारसाबसारखी, एकेक खांबापाशी जरा थांबत ती चालली होती.

दार उघडंच होतं. अण्णा खुर्चीत पेपर वाचत होते. आई ओट्यापाशी बसून गाडीत खायच्या दशम्या फडक्यात बांधत होती. तारामती उंबऱ्यात उभी राहिली. दोघांनीही वर पाहिलं नाही.

“तारे,” आई दशम्यांवरून नजर न काढता म्हणाली, “ट्रंकेत शालीला जागा ठेव गं. आत्याला द्यायची आहे.”

“हो,” आतल्या खोलीतून आवाज आला. पाठोपाठ ट्रंकेची कडी वाजली.

तारामतीने तोंड उघडलेलं नव्हतं. आवाज तिचाच होता. तिच्याहून जरा मऊ, जरा ताजा. सकाळपासून न वापरलेला.

ती पुढे झाली नाही. आतल्या खोलीकडे तिने पाहिलंही नाही. वही दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि वक्तृत्वात शिकवतात तशी ताठ उभी राहिली.

“अण्णा, आई,” ती म्हणाली. तिला वाटलं होतं आवाज चढेल. तो बसलेला, सपाट निघाला, म्हाताऱ्या माणसासारखा. “मी पुण्याला जाणार नाही. मी इथेच राहणार, आणि रोज सकाळी बागेत जाणार. माझं ठरलंय.”

अण्णांनी पेपर खाली केला. आईचे हात गाठीवर थांबले. दोघांनी माना वळवल्या, आणि दोघंही, काळजीने, आतल्या खोलीच्या दाराकडे पाहू लागले.